डेर्कचा डावा हात

ग्रोनिंगेन, २ फेब्रुवारी १९८७

डेर्क,

मी सुखरूप पोचले. तू विचारणार नाहीसच, म्हणून आधीच सांगून टाकते. झ्वोलेच्या अलीकडे गाडी बर्फात अडकली आणि आम्ही सगळे ओव्हरकोट पांघरून एकमेकांकडे बघत बसलो. घरी आले तर खिडकीतल्या कुंड्या गारठून मेलेल्या, आणि मांजर शेजारणीकडे राहून माजलेलं.

फोनवर तू बोलत नाहीस हे मला ठाऊक आहे. तुमचा फोन त्या बोळात, आणि त्या बोळात अख्ख्या वाडीचे कान. म्हणून लिहिते. पत्राला तरी तुला उत्तर द्यावं लागेल.

आलैदा तुझी बायको होती, कबूल. पण ती माझी धाकटी बहीण त्याच्या कितीतरी आधीपासून होती. नाताळात मी तुम्हा दोघांना सांगितलं होतं, वाटेल त्या वेळी फोन करा, मी मिळेल त्या गाडीत बसून येईन. तू मान हलवलीस. मी पाहिली ती हललेली मान. आणि मग फोन केला कोणी? हार्मेन रेन्सिंकने. "विलेमीन, तुला कळवायचं आहे की आलैदा गेली." नोटीस वाचावी तसं.

आता मला शेजारधर्म शिकवू नकोस, मीही तिथेच वाढले आहे. मरण झालं की आधी पहिल्या शेजाऱ्याला सांगायचं, मग अंघोळ घालणं, कपडे, शवपेटी, कॉफी, खांदा देणं सगळं त्यांचं, आणि नातेवाइकांना कळवणंही त्यांचंच. बरं आहे. पण मेलेल्या माणसाचा निरोप शेजाऱ्याने द्यायचा असतो. जिवंत माणसाचा तू द्यायचास. आदल्या संध्याकाळी ती जिवंत होती ना?

मला एकच गोष्ट हवी आहे. शेवटी तिच्याजवळ कोणी होतं का? कॉफीच्या वेळी मी तुला विचारलं तर तू म्हणालास, "झोपेत गेली," आणि मनुकांच्या पावाची बशी माझ्यापुढे सरकवलीस. हे उत्तर झालं का? खोलीत कोण होतं? तू कुठे होतास? ती एकटी गेली का, एवढं मला नीट लिहून कळव.

विलेमीन


आल्टेन, ९ फेब्रुवारी

विलेमीन,

पत्र मिळालं. कुंड्यांचं वाईट झालं.

मी गोठ्यात होतो. दूध काढून आत आलो तेव्हा ती गेलेली होती. मग हार्मेनकडे गेलो. तेवढंच आहे.

इथे ठीक आहे. हार्मेनची डीना रोज संध्याकाळी वाटाण्याचं सूप आणते. मला नको असतं, पण नको म्हटलं तर ती खुर्ची ओढून बसते आणि बोलते, म्हणून घेतो. लोक विचारतात कसं वाटतंय. काही वाटत नाही. त्यांना हे सांगितलं तर त्यांचा चेहरा पडतो, म्हणून म्हणतो, चाललंय.

आणखी एक. लिहिणार नव्हतो, पण डॉक्टरांनी तुझं नाव काढलं. माझा डावा हात मनगटातून लोंबतो. वर होत नाही. बोटंही सरळ होत नाहीत. मूठ वळते, पण तीही ढिली. दुखत अजिबात नाही. डॉक्टर म्हणतात, नसांची तपासणी करायला हवी, आणि तुझी मेहुणी तर तेच काम करते ना?

तो पेटीमुळे गेला. विधुराने मागून चालायचं असतं, पण मी हार्मेनला बाजूला करून खांदा दिला, तू पाहिलंसच. डीना म्हणते, "तुला सांगितलं होतं डेर्क, आपलं माणूस आपण उचलू नये, ते ओझं मग उतरत नाही." आता सगळी वाडी तेच म्हणते. गाईंच्या सडाला यंत्र लावताना अडचण होते. गाईंना अजून ते समजलेलं नाही.

डेर्क


ग्रोनिंगेन, १२ फेब्रुवारी

डेर्क,

तर तू गोठ्यात होतास आणि ती एकटी होती. विचारलं, तू सांगितलंस. आता मला ते गिळायला हवं.

हाताबद्दल मात्र मी गप्प बसणार नाही. बायको गेल्याचं चार ओळींत, सुपाचं तीन ओळींत, आणि लुळा पडलेला हात "आणखी एक" म्हणून! धन्य आहे तुझी.

नीट ऐक. हे माझं काम आहे, दिवसभर मी हेच करते. लोकांच्या हातापायांना चकत्या चिकटवते, नसेला विजेची टिचकी मारते आणि निरोप कुठवर आणि किती वेगाने पोचतो ते पडद्यावर मोजते. तुझा हात माझ्यासमोर नाही, तेव्हा मी सांगते ते तूच करून बघ. हात डोक्यावर ने आणि कोपर सरळ कर. कोणाला तरी अडवायला लाव आणि त्याला ढकल. जोर लागतो का? मग एक टाचणी घे. अंगठ्याच्या मागे, अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधल्या कातडीवर हलकेच टोच. मग करंगळीकडे टोच. फरक लिही.

आणि तुझ्या डॉक्टरांनी आत्ताच कुठे पाठवलं तर जाऊ नकोस. दुखावलेली नस लगेच तपासली तर फसवते. मधून तुटलेली असली तरी खालचा तुकडा काही दिवस काही झालंच नाही असं उत्तर देत राहतो. त्याला अजून बातमी कळलेली नसते. स्नायूला तर त्याहून उशिरा कळते, तीन आठवडे सहज जातात. मार्च लागला की बघू. तोपर्यंत मनगटाला खालून फळी बांधून घे, नाहीतर बोटं आखडतील.

सूप घेत जा. आणि पीत पण जा.

विलेमीन


आल्टेन, १८ फेब्रुवारी

विलेमीन,

कोपर सरळ होतं. हार्मेनला ढकललं. तो मागे गवताच्या भाऱ्यावर जाऊन बसला आणि म्हणाला, "काय रे, माझ्यावर कसला राग?" मी सांगितलं, विलेमीनने सांगितलंय. तो म्हणाला, मग बरोबर आहे.

टाचणी आलैदाच्या शिवणाच्या डब्यातली घेतली. करंगळीकडे लागते. अंगठ्याच्या मागे काही कळत नाही. जरा जोरात टोचली तर रक्त आलं. रक्त दिसलं म्हणून कळलं.

फळी बांधली आहे. चेरीच्या लाकडाची, घासून गुळगुळीत केली.

माझं म्हणणं, राहू दे. एका हाताने जमतंय. यंत्राची नळी दातात धरतो. जे दुखत नाही ते कशाला उगाच दुरुस्त करायचं? एवढ्या लांब येऊन तुमच्या लोकांचा वेळ घालवायचा, बरं दिसत नाही.

डेर्क


ग्रोनिंगेन, २१ फेब्रुवारी

डेर्क,

बरं दिसत नाही म्हणे. तीन मार्चला, मंगळवारी, सकाळच्या गाडीने ये. मी आमच्या डॉक्टर टेर्पस्ट्रांशी बोलले आहे. हार्मेनशी पण बोलले आहे, दूध तो काढेल. आता तुला सबब उरलेली नाही. स्वच्छ बनियन घाल.

आणि पेटीचं तेवढं डीनाला खुशाल मानू दे, तू मानू नकोस. पेटी बसते खांद्यावर. तिथे नस दबली असती तर कोपराचा जोरही गेला असता, आणि तू तर हार्मेनला भाऱ्यावर बसवलंस. तुझं दुखणं खाली आहे, दंडाच्या मागे, जिथे नस हाडाला वळसा घालून जाते आणि वर तिला पांघरूण म्हणून फारसं काही नसतं. तिथे काहीतरी टणक रुतलं आहे. आणि घटकाभर नाही, पुष्कळ वेळ.

शिवाय मला आठवतंय. पुढच्या खोलीत पेटीचं झाकण लावलं, तेव्हा तुझा डावा हात कोटाच्या खिशात होता. माझ्या मनात आलं, काय हा माणूस, बायकोचा शेवटचा निरोप घेतोय आणि हात खिशात! तेव्हा पेटी कोणी उचललेलीही नव्हती. हात आधीच गेलेला होता, डेर्क. कशाने गेला ते तू सांगत नाहीस. बघू, नस काय सांगते.

विलेमीन


ग्रोनिंगेन, ४ मार्च

डेर्क,

काल स्टेशनवर तू म्हणालास, "मशीन छान आहे." सकाळपासून संध्याकाळपर्यंत आपण बरोबर होतो आणि तेवढंच बोललास. मी काय बोलले? "बनियन काढायची गरज नाही." दोघांनाही बक्षीस द्यायला हवं.

तुझा हात मी गरम पाण्यात धरून बसले होते, ते मी सगळ्यांचंच करते. गार हाताची नस मंद चालते आणि धडधाकट माणूस आजारी दिसतो. हिवाळ्यात आमच्याकडे नवा माणूस आला की ही चूक एकदा तरी करतोच. तू पाण्याकडे बघत होतास, मी घड्याळाकडे. तिच्याबद्दल बोलायला तेवढीच वेळ होती. ती गेली.

डॉक्टरांनी तुला जे पटपट सांगितलं ते पुन्हा सांगते. मी कोपरापाशी टिचकी मारली आणि तुझं मनगट टुणकन उडालं. तू दचकलास, कारण तू सांगितलेलं नसताना ते वर आलं. पडद्यावरची रेघ उंच, तरण्या माणसासारखी. मग मी चार बोटं वर सरकले, दंडाच्या मागच्या त्या वळणाच्याही वर, आणि तीच टिचकी आणखी जोरात मारली. रेघ जवळजवळ आडवीच राहिली. अंगठ्याच्या मागे तुला काही कळत नाही, पण तिथली नस उत्तम उत्तर देते. ती जिवंत आहे, तिचं म्हणणं फक्त तुझ्यापर्यंत पोचत नाही. डॉक्टरांनी स्नायूत सुई घालून ऐकलं, तिथेही तुटल्याच्या खुणा अगदी नावाला. म्हणजे नस तुटलेली नाही. एका जागी अडली आहे. वसंतात हात परत येईल. ही चांगली बातमी होती. तू ती गाईची किंमत ऐकावी तशी ऐकलीस.

आता दुसरी गोष्ट. तू कोट घालत होतास तेव्हा डॉक्टर मला बाहेर म्हणाले, "हा शनिवारचा हात. कुठल्या खुर्चीत झोपला होता, विचारा त्याला." आमच्याकडे असे हात सोमवारी येतात. शनिवारी रात्री माणूस पितो, खुर्चीच्या पाठीवरून हात मागे टाकतो आणि मेल्यासारखा झोपतो. शुद्धीत असलेला माणूस हात दबला की झोपेतसुद्धा काढून घेतो. प्यालेला घेत नाही. सकाळी उठतो तो लोंबता हात घेऊन.

हात अंत्ययात्रेच्या आधी गेला. आदल्या आठवड्यात तो धड होता, कारण आलैदाने मला पत्रात लिहिलं होतं की तू छपरावर चढून पत्रे ठोकतो आहेस. मग मधे कुठली रात्र उरते ते मी सांगायला हवं का? ती आत श्वासासाठी धडपडत होती आणि तू स्वयंपाकघरात खुर्चीत पिऊन पडला होतास. म्हणून फोन नाही. म्हणून मला बोलावलं नाहीस.

ती एकटी होती, हे मी कसंबसं गिळलं होतं. पण भिंतीपलीकडे तू असताना ती एकटी होती, हे मला गिळवत नाही. तुझा इतका राग मला कधीच आला नव्हता. नाही म्हण. नाही म्हणालास तर मी ऐकेन.

विलेमीन


आल्टेन, ११ मार्च

विलेमीन,

तसं समज.

हात तसाच आहे. फळी बांधतो.

डेर्क


ग्रोनिंगेन, २२ मार्च

डेर्क,

तुझ्या त्या दोन शब्दांवर मी आठवडाभर धुमसत होते. कामावर दोन जणांना टिचकी जरा जास्तच जोरात बसली. मग परवा डीनाला फोन लावला. तुझी तक्रार करायला लावला होता, हे कबूल करते.

डीना म्हणाली, "दारू? डेर्कच्या घरात? अगं, काहीतरीच काय! खांदा देणाऱ्यांना एकेक घोट द्यायचा असतो ना, तर त्याच्याकडे बाटलीच नव्हती. हार्मेनने आमची नेली. आलैदाच्या काळजाचं दुखणं कळलं त्या दिवशीच त्याने होती नव्हती ती मोरीत ओतली."

डीना कुठली गप्प होते? म्हणाली, "त्या सकाळी तो दारात आला ना, तेव्हा तुमच्या गाई हंबरून हंबरून ऊर फोडत होत्या. सड तटतटलेले. दूध हार्मेनने जाऊन काढलं."

म्हणजे बघ. तू खुर्चीत पिऊन पडला होतास, हे मी रचलेलं खोटं. ते मी मागे घेते. मला लाज वाटते, आणि लाज वाटली की मी चिडते हे तुला माहीत आहे, तेव्हा या पत्रात जे तिखट लागेल ते त्याचं समज. पण तू गोठ्यात होतास, हे तुझं खोटं. गाईंनीच ते उघडं पाडलं.

गोठ्यात नव्हतास, खुर्चीत नव्हतास. मग हात घेऊन होतास कुठे? मी ओरडणार नाही. तू सांगेपर्यंत मी विचारत राहणार आहे, आणि मी काही आता तरुण नाही.

विलेमीन


आल्टेन, १ एप्रिल

विलेमीन,

मी पलंगावर होतो.

नाताळानंतर तिला आडवं होता येत नव्हतं. फुप्फुसात पाणी. उशा रचल्या तर त्या घसरायच्या, आणि ती घसरली की दम लागायचा. मग आम्हाला युक्ती सापडली. मी डावा हात तिच्या मागून पलंगाच्या माथ्याच्या फळीवर टाकायचा आणि तिने डोकं माझ्या हातावर टेकायचं. तसं तिला श्वास घेता यायचा. तुमच्या माहेरचाच पलंग, त्या फळीची कड तुला माहीत आहे. ती दंडाखाली यायची. रोज थोडा वेळ झाला की तीच म्हणायची, "काढ आता तुझा ओंडका, मान अवघडली." मग ती खुर्चीत बसायची आणि मी झोपायचो.

त्या रात्री तिला झोप लागली. खरी झोप. तोंड उघडं टाकून, थोडी घोरत. कित्येक दिवसांत ती तशी झोपली नव्हती. आधी हाताला मुंग्या आल्या. मग ठणकायला लागला, खांद्यापर्यंत. काढावा असं वाटलं. पण काढला असता तर ती घसरली असती, जागी झाली असती, आणि मग पुन्हा ते भात्यासारखं सुरू झालं असतं. म्हणून राहू दिला. बऱ्याच वेळाने ठणकायचा थांबला. मला वाटलं, बरं झालं, आता त्रास नाही.

मग मलाही झोप लागली.

जाग आली तेव्हा गाई ओरडत होत्या. ती तशीच हातावर होती. मला वाटलं, झोपली आहे. इतकी शांत होती. मनात म्हटलं, गाई थांबतील आज. आणि पडून राहिलो, हललो नाही. कितीतरी वेळ. हात शाबूत असता तर मला कळलं असतं, ती गार झाली होती. हाताला काही कळत नव्हतं. मग उजव्या हाताने तिच्या गालावरचे केस मागे केले, तेव्हा कळलं.

त्यानंतरही मी लगेच उठलो नाही. हार्मेनला सांगायचं हे माहीत होतं. पण एकदा हार्मेन आत आला की घर त्यांचं होतं. डीना येणार, बायका येणार, तिला अंघोळ घालणार, मला स्वयंपाकघरात बसवून कॉफी देणार. माणसं चांगली आहेत, रिवाज चांगला आहे. मीही दुसऱ्यांच्या घरी तेच केलं आहे. पण मला थोडा वेळ ती हवी होती.

तुला फोन करायचं मी संध्याकाळी म्हटलं होतं. ती म्हणाली, "नको, एवढ्या बर्फात विलेमीन निघेल आणि मग मलाच तिची काळजी. रविवारी करू." रविवार आला नाही.

तू विचारतेस ती एकटी होती का. मला माहीत नाही. मी तिथे होतो, पण झोपलो होतो. ती कधी गेली मला माहीत नाही. तिने हाक मारली असेल तर मी ऐकली नाही. हे तुला काय लिहिणार? त्यापेक्षा गोठ्यात होतो म्हटलेलं बरं वाटलं. नंतर तू दारूचं लिहिलंस, तेही बरं वाटलं. दारू असती तर दोष दारूवर गेला असता. नुसती झोप लागली याला काय म्हणायचं?

तुझ्या डॉक्टरांना विचार, हात असाच ठेवता येतो का. मला चालेल.

डेर्क


ग्रोनिंगेन, ५ एप्रिल

डेर्क,

तुझं पत्र मी तपासणीच्या खोलीत उभ्याने वाचलं, पुढचा माणूस यायचा होता. मी रडले. मोठ्याने, लहान मुलासारखी. डॉक्टर टेर्पस्ट्रा आत आले, माझ्याकडे पाहिलं, आणि त्या माणसाला दुसऱ्या खोलीत घेऊन गेले. बावीस वर्षांत तो माणूस मला पहिल्यांदा शहाणा वाटला.

आता मी सांगते ते ऐक. मधे बोलू नकोस, पत्रात तुला तसंही बोलता येत नाही.

दबलेला हात माणूस झोपेत काढून घेतो, हे मी तुला मागे लिहिलं. त्याला जागही येत नाही, कूस बदलतो आणि मोकळा होतो. रोज रात्री अख्खं जग हे करतं. म्हणून तर असा हात पाहिला की आम्ही दारू म्हणतो. पण तू प्यालेला नव्हतास. मग तो हात तिथे राहिला कसा? तू ठेवलास म्हणून राहिला. मुंग्या आल्या तेव्हा जागा होतास, ठणकत होता तेव्हा जागा होतास, ठणकायचा थांबला तेव्हाही जागा होतास, कारण तो थांबल्याचं तूच मला लिहितो आहेस. नस बधिर व्हायला किती वेळ लागतो याची तुला कल्पना नाही, मला आहे.

त्या दिवशी मी तुझा उजवा हात आणि दोन्ही पाय पण तपासले. तुला वाटलं असेल, म्हातारी उगाच वेळ काढते आहे. काही लोकांच्या नसा जन्मतःच नाजूक असतात, मांडी घालून बसले तरी पाय लुळा पडतो. तू तसला असतास तर घटकाभरातही हे झालं असतं. तू तसला नाहीस. तुझ्या नसा बैलाच्या आहेत. आणि आलैदाचं वजन शेवटी कोंबडीएवढं उरलं होतं. तेवढ्याशा डोक्याने तसली नस अडवायची म्हणजे जवळजवळ सगळी रात्र हवी. तुला झोप लागली ती पहाटेची, थोडीशी, आणि तोपर्यंत ज्या हातावर ती होती तो हलवायला तुझ्या अंगात जीवच नव्हता.

ती नेमकी कधी गेली हे मला सांगता येणार नाही, ते मोजायचं मशीन नाही. त्या थोड्याशा झोपेतही गेली असेल. पण तिने हाक मारली आणि तू ऐकली नाहीस, हे मी मानणार नाही. लग्न होईपर्यंत मी तिच्याबरोबर त्याच पलंगावर झोपले आहे. आलैदाला रात्री काही हवं असलं की ती हाक मारत बसायची नाही. लाथ घालायची, नडगीवर. तुला ते ठाऊक नाही असं मला सांगू नकोस. तिला काही हवं असतं तर तू उठला असतास, आणि नडगी चोळत उठला असतास.

दोन महिने मी तुला एकच विचारत होते. आता विचारत नाही. ती एकटी नव्हती, डेर्क. हे मी कोणाकडून ऐकलेलं नाही, माझ्या हाताने मोजलं आहे. आणि मोजत असताना त्यात मी दारू शोधत होते, याबद्दल मला माफ कर.

डॉक्टरांना विचारलं. हात असा ठेवता येत नाही. तो तुझी परवानगी मागणार नाही. फळी बांधत राहा.

मी मेमध्ये येते. त्या पलंगावर मला झोपवू नकोस, मी पुढच्या खोलीत झोपेन.

विलेमीन


आल्टेन, २१ एप्रिल

विलेमीन,

मेमध्ये ये. पुढच्या खोलीतली शेगडी धूर करते, ती आधी बघून घेतो.

नडगीचं खरं आहे. डाव्या नडगीवर खूण पण आहे. ती जुनी. त्या सकाळी नडगी दुखत नव्हती, मी काल नीट आठवून पाहिलं.

ईस्टरला वाडीने पेटवला तो जाळ यंदा मोठा झाला. फांद्या वाहायला मीही गेलो. भारा उचलताना मनगट वर आलं. पुरतं नाही, निम्मं. हार्मेनने पाहिलं, म्हणाला, "आलं की." मी म्हटलं, आलं. मग आम्ही बाकीच्या फांद्या नेल्या.

अंगठ्याच्या मागेही आता कळतं. परवा रात्री झोपेत हात तिच्या बाजूला गेला. चादर गार होती. मी इतके दिवस रोज तिथेच हात टाकून झोपत होतो, मला ते कळलंच नव्हतं.

रडलो. बराच वेळ. डीनाला सांगू नकोस.

डेर्क